रात्री वावरात हरणांवर फोकस मारला तर शिकारीची केस होते का?

जागलीवाला (चिमूर तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा स्वतःचा आहे, म्हणून जसं घडलं तसं सगळं सांगतो.

आमचं साडेचार एकर वावर जंगलाला लागून आहे. उत्तरेकडचा धुरा, म्हणजे बांध, आणि जंगल यांच्या मधात एक बैलगाडीची वाट, बस्स. यंदा अर्ध्यात तूर आणि अर्ध्यात हरभरा आहे. दिवाळीपासून चितळांचा कळप रोज रात्री उतरतो. हरभऱ्याचे शेंडे असे खुडलेले दिसतात की जणू कोणी भाजीसाठीच तोडून नेले. वडिलांना आता थंडी सोसत नाही, त्यामुळे रात्रीची राखण, म्हणजे जागल, माझ्याकडे आहे. जुनी तीन सेलची बॅटरी मचाणापासून वीस पावलांवर मरते, म्हणून यंदा मोठा रिचार्जेबल फोकस घेतला.

गेल्या मंगळवारी माझा मावसभाऊ त्याच्या एका मित्राला घेऊन वावरात आला. साडेअकराच्या सुमारास कळप धुऱ्यावर आला. मी फोकस मारला तर हरणं पळालीच नाहीत, जागच्या जागी उभी राहिली. मग डबा वाजवला, ओरडलो, तेव्हा कुठं वाट ओलांडून पलीकडे गेली. मित्र म्हणाला, चल गाडीवर जाऊन बघू किती आहेत. मी मागं बसून फोकस धरला. अर्धा किलोमीटर गेलो असू. त्याच्या पाठीवरच्या लांब पिशवीत छर्ऱ्याची एअरगन होती, हे मला वाटेत कळलं. तेवढ्यात समोरून वनखात्याच्या गस्तीची गाडी आली.

त्यांनी नावं आणि आधार नंबर लिहून घेतले, फोकस आणि एअरगन ठेवून घेतली, मोटरसायकल परत दिली. एका कागदावर सही घेतली, मी तो वाचला नाही. सोमवारी कार्यालयात बोलावलं आहे.

एक छर्राही उडालेला नाही, एकाही हरणाला ओरखडा नाही. नुसता उजेड पाडणं हा गुन्हा आहे का? आणि आता जागलीला बॅटरी न्यायची की नाही? घरात सगळे घाबरले आहेत.

पऱ्हाटीवाला (यवतमाळ)

भाऊ, एवढं मनावर घेऊ नका. आपल्या वावरात आपण काहीही करू शकतो. पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायची सरकारनं परवानगीच दिली आहे. एअरगनला लायसन्स लागत नाही. आणि बॅटरीवर बंदी आहे असं कुठं ऐकलं? फोकस परत मागा, द्यावाच लागेल.

जुना राऊंडवाला

जागलीवाले भाऊ, मी १९८३ ला वनरक्षक म्हणून लागलो आणि २०२० ला वनपाल म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी चंद्रपूर आणि गडचिरोलीत गेली. तुमच्यासारख्या पोरांची नावं मी स्वतः लिहून घेतली आहेत, आणि त्यातल्या काहींना समजावून घरीही पाठवलं आहे. म्हणून जरा लांबण लागली तरी पूर्ण वाचा.

आधी यवतमाळच्या भाऊंचं. त्यांनी चांगल्या मनानं लिहिलं, पण त्या भरवशावर सोमवारी जाऊ नका. महाराष्ट्राचा २०१५ चा शासन निर्णय आहे तो रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांच्यासाठी. त्यातही आधी अर्ज, मग परवानगी, मग पुढचं. चितळ त्यात नाही. वावर आपलं असलं तरी वावरात आलेलं चितळ आपलं होत नाही.

आता उजेडाचं. हा नियम एकेकाळी कायद्यात अगदी स्पष्ट शब्दांत लिहिलेला होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला तेव्हा परवाना काढून शिकार करता येत असे. चितळ तेव्हा तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे मोठ्या शिकारीच्या यादीत होतं. पण परवाना खिशात असला तरी कलम १७ आडवं यायचं. गाडीतून शिकार नाही. सूर्यास्त ते सूर्योदय शिकार नाही. पाणवठ्यावर नाही, जनावरं खारी माती चाटायला येतात त्या चाटणावर नाही. शिकारीसाठी कृत्रिम उजेड नाही. रात्रीला आणि उजेडाला एकच सूट होती, मांसाहारी जनावर आपल्या गाऱ्यावर, म्हणजे मारलेल्या सावजावर, आलेलं असेल तर, आणि तीही परवान्यात खास लिहून दिली असेल तरच. म्हणजे ज्या काळात चितळ मारणं कायदेशीर होतं, त्या काळातही त्याच्यावर लाईट मारून गोळी घालणं बेकायदाच होतं.

१९९१ च्या दुरुस्तीत हे कलम १७ निघालं. काही लोक त्याचा असा अर्थ लावतात की उजेडावरची बंदी उठली. तसं नाही. कलम निघालं कारण परवान्याची शिकारच संपली. जिथं शिकारच बंद, तिथं ती कशी करावी याचे नियम ठेवून काय उपयोग? आज कलम ९ आहे आणि ते सरळ सांगतं की अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार करायची नाही. अपवाद फक्त कलम ११ आणि १२ चे, आणि अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवणं सोडलं तर ते वरच्या अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय नाहीत.

तुम्ही विचारलं, छर्रा उडाला नाही तर शिकार कशी? कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. कलम २ च्या पोटकलम १६ मध्ये मारणं, विष घालणं, पकडणं, पाठलाग करणं, फासा लावणं, हाकणं, आमिष दाखवणं हे सगळं येतं, आणि यातल्या प्रत्येकाचा प्रयत्नसुद्धा येतो. हत्याराची व्याख्याही अशीच रुंद आहे. बंदूक, जाळं, फासा तर आहेतच, पण जनावराला भुलवू शकेल, जखमी करू शकेल असं कुठलंही साधन त्यात बसतं. एअरगनला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो की नाही, याच्याशी वन्यजीव कायद्याला देणंघेणं नाही. तिनं जनावर जखमी होऊ शकतं, एवढं त्याला पुरतं. फोकसबद्दल वकील वाद घालतील. पण फोकस, एअरगन, मोटरसायकल, रात्रीचे पावणेबारा आणि वावराबाहेर अर्धा किलोमीटर हे पाचही एका कागदावर आले की तो कागद काय सांगतो, ते तुम्हीच बघा.

हाकणं हा शब्द वाचून धास्ती घेऊ नका. आपल्याकडे हाका आणि हुसकावणं हे दोन वेगळे शब्द आहेत. हाका म्हणजे जनावर बंदुकीकडे किंवा जाळ्याकडे रेटत नेणं. हुसकावणं म्हणजे आपल्या पिकातून बाहेर काढणं. सदतीस वर्षांत, नुसतं हुसकावलं म्हणून कुणा शेतकऱ्यावर पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा पहिला अहवाल, फाडलेला मी पाहिला नाही, मी स्वतःही कधी फाडला नाही. मचाणावर बसा, डबे वाजवा, बॅटरी मारा. तुमचं चुकलं ते धुरा ओलांडला तिथं.

हरीण उजेडात उभं का राहतं, हे लोकांना माहीत नसतं. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागं आरशासारखा एक थर असतो. अंधारात जो काही मिणमिणता उजेड मिळेल, तो या थरावरून परत फिरून पडद्यावर दुसऱ्यांदा पडतो, म्हणून त्याला रात्री आपल्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं. डोळे चमकतात ते याच थरामुळं. रात्री त्याची बाहुली पूर्ण उघडलेली असते. त्यात तुमचा फोकस घुसला की त्याला उजेडापलीकडचं काहीच दिसत नाही. कुठं पळावं ते कळत नाही, म्हणून ते पाय रोवून उभं राहतं. तुम्हाला वाटलं असेल ती धीट झाली आहेत. ती तेवढ्या वेळापुरती आंधळी झालेली असतात.

मी नवीन होतो तेव्हाची एक रात्र सांगतो. डिसेंबर होता. नाक्यावर आम्ही दोघं आणि एक वनमजूर. जंगलाच्या रस्त्यानं उजेडाचा झोत डावीकडून उजवीकडे फिरत येत होता, थांबत होता, परत फिरत होता. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचा उजेड असा फिरत नाही. जीप अडवली. बॉनेटखालच्या बॅटरीवरून वायर काढून वर सर्चलाईट बसवलेला, त्याच्या काचेला हात लावला तर चटका बसला. मागं पोत्याखाली चितळाची मादी होती. अंग अजून गरम. माझी बॅटरी तिच्या तोंडावर गेली तेव्हा डोळे चमकले आणि मला क्षणभर वाटलं ती जिवंत आहे. ती गेलेली होती, डोळ्यातला तो थर तेवढा चमकत होता. ज्या ठिकाणी तिला मारलं तिथं पंचनाम्यासाठी गेलो तर तिचं पाडस तिथंच उभं होतं. आमच्या गाडीच्या उजेडात ते हललं नाही. ड्रायव्हरनं दिवे बंद केले तेव्हा अंधारात पाचोळ्यावरून पळाल्याचा आवाज आला. उजेडानं शिकार करू नये हा नियम का केला असेल, हे मला कुठल्या प्रशिक्षणापेक्षा त्या आवाजानं जास्त शिकवलं.

आणि दुसरी गोष्ट माणसांच्या जिवाची. उजेडात शिकाऱ्याला जनावर दिसत नाही, दोन ठिपके दिसतात. गाईचे डोळे तसेच चमकतात, शेळीचे तसेच. माझ्या राऊंडमध्ये, म्हणजे माझ्या हद्दीत, एकानं असे दोन ठिपके बघून बार काढला, ती गावातल्याच एका घरची कालवड निघाली. माणसाच्या डोळ्यात तो थर नसतो, त्यामुळे माणूस तर चमकतही नाही. जागलीला बसलेला माणूस पलीकडच्या उजेडवाल्याला दिसतच नाही.

शिक्षेचं विचाराल तर, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, चितळ दुसऱ्या अनुसूचीत आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जागा अभयारण्यातली असेल किंवा प्राणी काळवीट-चिंकाऱ्यासारखा पहिल्या अनुसूचीतला असेल, तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही. गुन्ह्यात वापरलेली गाडी, हत्यार, साधन जप्त होतं. तुमची मोटरसायकल परत दिली यावरून मला वाटतं की गस्तीवाल्यांनी तुम्हाला सराईत धरलेलं नाही.

सोमवारी जा. टाळू नका, गावात लपून बसू नका. वावराचा सातबारा न्या. जे झालं तेच सांगा, मित्राला वाचवायला एक शब्दही बदलू नका.

कोर्टकचेरी

वरच्या काकांनी बहुतेक सगळं सांगितलं आहे. मी ब्रह्मपुरीला वकिली करतो, दोनच मुद्दे जोडतो.

सही केलेल्या कागदाची प्रत मागा. तो जप्तीनामा असेल तर वस्तूंचं वर्णन, वेळ आणि ठिकाण त्यात बरोबर आहे का बघा. ठिकाण फार महत्त्वाचं आहे. महसुली वाट, राखीव वन आणि अभयारण्य यांत शिक्षेचा आणि कलमांचा मोठा फरक पडतो.

दुसरं, जबाब. या कायद्यात सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या, शासनानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानं आरोपीसमोर नोंदवलेली साक्ष पुढं खटल्यात पुरावा म्हणून चालते. हे पोलिसांपुढच्या जबाबासारखं नाही. त्यामुळे सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा आणि तालुक्यातल्या कुणा वकिलाला सोबत न्या.

पिट्सबर्गकर

मी मूळचा साताऱ्याचा, आता अकरा वर्षं पेन्सिल्वेनियात आहे. इथं हरणाची शिकार कायदेशीर आहे आणि माझे शेजारी, ऑफिसातले सहकारी सगळे नोव्हेंबरची वाट बघत असतात. तरी उजेडाच्या बाबतीत इथला कायदा वाचून मला आश्चर्य वाटलं होतं, म्हणून लिहितो.

इथं रात्री गाडीतून लाईट मारून हरणं बघायला परवानगी आहे. लोक मुलांना घेऊन जातात, मीही एकदा मुलीला घेऊन गेलो. पण रात्री अकरा वाजले की बंद, ते थेट सूर्योदयापर्यंत. बंदुकीनं हरीण मारायचा मुख्य हंगाम, जो थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, तेवढे दिवस तर अजिबात नाही. घरांवर, गोठ्यांवर, पाळीव जनावरांवर झोत टाकायचा नाही. आणि सगळ्यात कडक अट म्हणजे लाईट मारताना जवळ बंदूक किंवा धनुष्य नको. शिकारीचा परवाना असला तरी नको. हरणाच्या शिकारीची वेळच सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते.

इथल्याच विस्कॉन्सिन राज्यात वेळ वेगळी आहे. १५ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात रात्री दहा ते सकाळी सातपर्यंत वन्य प्राण्यांवर लाईट मारायचा नाही. वेळा बदलतात, पण हरणावर उजेड आणि हातात हत्यार ही जोडी तिथंही चालत नाही. जागलीवाले दादा, तुमच्या प्रश्नात मला नेमकी तीच जोडी दिसली.

जागलीवाला (चिमूर तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं ते पाडसाचं वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ नुसताच बसून राहिलो. मंगळवारी आमच्यासमोर जी उभी होती त्यातही दोन लहान होती.

आणखी एक विचारतो. मावसभाऊ म्हणतो, केसची कटकट नको, शेजाऱ्यासारखी धुऱ्यावर तार टाकून रात्री करंट सोडू. आमच्या भागात बरेच जण करतात. आणि जागलीला बॅटरी वापरायची तर नेमकी कशी?

जुना राऊंडवाला

भाऊ, तारेचं मनातसुद्धा आणू नका. मावसभावाला माझ्या नावानं सांगा. खांबावरून आकडा टाकून सोडलेला करंट चितळ बघत नाही, वाघ बघत नाही, पहाटे परसाकडे निघालेलं पोर बघत नाही. अशा तारेवरून मी तीन प्रेतं उचलली आहेत, त्यातला एक माणूस ज्यानं तार लावली त्याचाच सख्खा भाऊ होता. जनावर मेलं तर वन्यजीव कायदा, वीज चोरली म्हणून वीज कायदा, माणूस मेला तर मनुष्यवधाचं कलम. सौर कुंपण वेगळं. त्याच्या यंत्रातून थांबून थांबून झटका येतो, जनावर दचकतं आणि मागं फिरतं. घ्यायचं तर ते घ्या, त्यासाठी शासनाची योजना आहे, चौकशी करा.

बॅटरी अशी वापरा. धुऱ्याच्या आत राहून. झोत डोळ्यांत रोखून धरू नका, त्यांच्या पायांपुढच्या जमिनीवर टाका आणि हलवत राहा, म्हणजे ती आंधळी होऊन गोठणार नाहीत. जंगलाकडची बाजू अंधारी ठेवा, त्यांना तिकडेच जायचं असतं. उजेड गावाकडच्या बाजूनं हवा. आधी आवाज, मग उजेड. डबा वाजला की कान तिकडे वळतात, पाय आपोआप सुटतात. मचाणावर काठी, डबा, बॅटरी आणि शेकोटी, याशिवाय काही नको. गलोलसुद्धा नको. खाली उतरून झुडपांत शिरू नका. चितळामागं बिबट किंवा वाघ असू शकतो, आणि वाकून चाललेला माणूस अंधारात जनावरासारखाच दिसतो. आणि जागलीला कोण कोण बसतो ती नावं तुमच्या बीटच्या वनरक्षकाला आधीच सांगून ठेवा. गस्तीवाल्याला लांबून उजेड दिसला की पहिला प्रश्न असतो, हे कोण? उत्तर त्याच्याजवळ आधीच असू द्या.

आणि नुकसानभरपाईचा अर्ज केला का, हे तुम्ही कुठंच लिहिलं नाही. दिवाळीपासून हरभरा खाल्ला जातोय आणि अर्ज नाही, याचं मला तुमच्या केसपेक्षा जास्त वाईट वाटतं. हरणांनी केलेलं नुकसान योजनेत बसतं. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत कळवावं लागतं. मग वन, महसूल आणि कृषी खात्याची माणसं येऊन पंचनामा करतात. दिवाळीतलं गेलं ते गेलं, पण काल रात्रीचं अजून हातात आहे. खुरांचे ठसे पुसू देऊ नका, फोटो काढा, शेजारी सातबारा किंवा गट नंबरची पाटी ठेवा. सोमवारी जाताना हा अर्जही त्याच कार्यालयात द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर पोचचा शिक्का घ्या.

जागलीवाला (चिमूर तालुका)

काल जाऊन आलो. तालुक्याचे एक वकील सोबत होते. कागद जप्तीनामाच होता, त्यात जागा महसुली वाटेची लिहिली आहे, तशीच होती. साहेबांनी तिघांचे जबाब वेगवेगळे घेतले. एअरगन कुणाची, कुठून आणली, ते मी होतं तसं सांगितलं. मावसभाऊ माझ्याशी बोलत नाही. पुढं काय करायचं ते वरिष्ठ ठरवतील असं सांगितलं, फोकस तोवर त्यांच्याकडेच राहील.

भरपाईचा अर्ज दिला, पोच मिळाली. आज सकाळी वनरक्षक वावरात येऊन ठसे बघून गेले.

रात्री जुनी तीन सेलची बॅटरीच घेऊन बसलो होतो. पावणेबाराला कळप आला. काका, तुम्ही सांगितलं तसं आधी डबा वाजवला, मग गावाकडच्या बाजूनं जमिनीवर उजेड फिरवला. लहान दोन मधात घेऊन सगळी वाटेपलीकडे गेली. मी चौदा मोजली.